बॉक्सवर ५जी, डोमखाली ४जी: लग्नाच्या लाइव्हमधल्या एका फोनचं प्रकरण

लग्नाचं लाइव्ह करणाऱ्या माणसाला इंटरनेटकडून फार काही नको असतं. अपलोड हवं, आणि ते सलग हवं. १०८०पी चित्र बऱ्यापैकी जायचं तर ५ एमबीपीएसच्या आसपास अपलोड तीन तास टिकावं लागतं. मधेच ते ५० वर गेलं तर कुणाचा फायदा नाही. मधेच १ वर आलं तर मात्र ते नेमकं अंतरपाट धरलेला असताना येतं, आणि अमेरिकेतली आत्या, जी ऑफिसला उशिरा येते असं कळवून सकाळी आठला लॅपटॉपसमोर बसलेली असते, तिला नवरीच्या जागी गोल फिरणारं चक्र दिसतं.

नाशिकच्या एका फोटोग्राफरने याच कामासाठी २०२० मध्ये ५जी फोन घेतला. देशात ५जी सुरू झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये, नाशिकला पोचलं डिसेंबरच्या शेवटी, आणि त्याच्या फोनमध्ये उतरलं त्यानंतर आणखी काही आठवड्यांनी. या सगळ्या काळात त्याच्या लाइव्हचा लॅपटॉप मी सांभाळायचो, त्यामुळे प्रकरण जवळून बघता आलं. फोन कुठल्या कंपनीचा हे मुद्दाम सांगत नाही. त्या वर्षी त्या किमतीत आलेल्या बऱ्याच फोनांची गत थोड्याफार फरकाने हीच होती.

फोन का घेतला

लॉकडाऊनमध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ती २५ माणसं आणि दोन तास इतकी खाली आली, नियम मोडला तर ५० हजार दंड. फोटोग्राफीच्या धंद्याचं कंबरडं मोडलं, पण त्यातूनच एक काम निघालं: ज्यांना बोलावता येत नाही त्यांना लिंक पाठवायची. कॅमेऱ्यातून एचडीएमआय केबल कॅप्चर कार्डात, कार्ड लॅपटॉपला, लॅपटॉपवर ओबीएस हे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर, आणि नेट फोनचं. यात कॅमेरा भारी, लॅपटॉप ठीक, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून तो फोन सगळ्यात कच्चा.

एमजी रोडला प्रधान पार्कमध्ये चौकशी केली तेव्हा दुकानदार म्हणाला, "दादा, आता ४जी घेऊन काय करणार? वर्षभरात ५जी येतंय." त्या एका शब्दापायी काही हजार जास्त गेले.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. फेब्रुवारी २०२० पासून देशात ५जी फोन मिळायला लागलेच होते. फक्त ते चालणार कशावर, हे ठरायचं होतं. स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइलच्या लहरींचा, लिलाव झालेला नव्हता. कोणते बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, विकायला निघणार आणि कुठली कंपनी त्यातले कोणते घेणार, याचा पत्ता नव्हता. मग फोन बनवणाऱ्यांनी जगात बहुतेक ठिकाणी जो वापरात येत होता तो एन७८ बँड टाकला, म्हणजे ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झ, आणि बॉक्सवर ५जी छापलं. या फोनमध्ये ५जीचा तेवढा एकच बँड होता. पुढे दोन-तीन वर्षांत त्याच्या निम्म्या किमतीच्या फोनमध्ये सुद्धा सात-आठ बँड यायला लागले.

लिलाव १ ऑगस्ट २०२२ ला संपला. एकूण बोली दीड लाख कोटींच्या वर गेली आणि त्यात ३३०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झपासूनचा, पट्टाही विकला गेला. म्हणजे २०२० मधला एन७८ चा अंदाज लागू पडला. पडला नसता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

रेंज फुल, पण ५जी नाही

१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत प्रगती मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. २८ डिसेंबरला जिओने ज्या ११ शहरांत ५जी सुरू केल्याचं जाहीर केलं, त्यात नाशिक होतं. तारीख एका अर्थी सोयीची होती. पौष लागलेला होता, पौषात आपल्याकडे लग्नं धरत नाहीत, त्यामुळे फोटोग्राफर मोकळा. संध्याकाळी गाडी काढून कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर असा तो फोन हातात धरून हिंडायचा. रेंज फुल, बाजूला अक्षरं '४जी'. चहाच्या टपरीवर शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराच्या फोनवर मात्र '५जी'. त्याचा फोन स्वस्तातला, पण नवा.

इथून पुढचा महिना वैतागाचा होता, आणि त्याचं कारण फोनपेक्षा उत्तरं देणारी माणसं होती. हेल्पलाइनवर सांगितलं, नेटवर्क चालू आहे, तुमच्या हँडसेटमध्ये बघा. फोनच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणे तुमच्या एरियात अजून आलं नसेल. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं आणि दुसऱ्याने पहिल्याकडे, आणि दोघांचंही बोलणं अर्धं खरं असल्यामुळे भांडायचीही सोय नाही. त्यात एक फोन आला: "तुमचं सिम ५जीला अपग्रेड करून देतो, आलेला ओटीपी सांगा." ओटीपी दिला नाही, हे बरं झालं. ४जीचं सिमच ५जीला चालत होतं, बदलायची गरज नव्हती. त्या दिवसांत या थापेने किती तरी लोकांची खाती धुतली गेली.

निदान करायला लागले दोन फोन आणि एक सिम काढायची पिन. त्याचं सिम माझ्या नव्या फोनमध्ये टाकलं, त्याच खुर्चीवर बसून. पाचेक सेकंदांत ५जी. म्हणजे सिम बरोबर, प्लॅन बरोबर, टॉवर बरोबर. माझं सिम त्याच्या फोनमध्ये टाकलं, ४जी. मग डायलरवर *#*#४६३६#*#* दाबून टेस्टिंगचा पडदा उघडला. पसंतीच्या नेटवर्कच्या यादीत 'एनआर' लिहिलेला पर्याय होता, म्हणजे ५जीचा रेडिओ आत जिवंत होता. निवडलं की सगळी रेंज जायची. फोनला ५जी समजत होतं, पण भारतातल्या कुठल्या कंपनीच्या ५जीला जोडून घ्यायचं, याची परवानगी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली नव्हती.

ही परवानगी हवी कशाला, असं कुणालाही वाटेल. ५जी उभारायच्या दोन पद्धती आहेत. एकीत फोन आधी ४जीला धरून राहतो आणि वेगासाठी वरून ५जीची जोड मिळते, तिला एनएसए म्हणतात. एअरटेलने सुरुवात अशी केली. दुसरीत ४जीचा आधार न घेता थेट ५जीच्या गाभ्याला जोडणी होते, ती एसए. जिओने ही धरली. कुठला ४जी बँड कुठल्या ५जी बँडबरोबर चालवायचा, कॉल आला की काय करायचं, अशा गोष्टींच्या जोड्या फोन कंपनीला प्रत्येक नेटवर्कवर तपासून, मग अपडेटमधून उघडाव्या लागतात. महागड्या फोनांची सुद्धा यातून सुटका नव्हती. ॲपलने आयफोनसाठी भारतातलं ५जी उघडलं ते डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस १६.२ मध्ये. ऑक्टोबरमध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी फोन कंपन्यांना बोलावून, अपडेट लवकर द्या, असं सांगायची वेळ आली होती. लाखाच्या फोनची ही कथा, तर अडीच वर्षं जुन्या, दुकानातून केव्हाच गेलेल्या मॉडेलकडे कंपनी आधी बघेल ही आशा करणंच भाबडं होतं.

अपडेट फेब्रुवारीत आलं, तेव्हा माघातली लग्नं सुरू झालेली होती. अपडेटबरोबरच्या माहितीत याबद्दल एक ओळ होती, ती सुद्धा 'कॅमेरा सुधारणा'च्या खाली.

डोम

ज्यांनी नाशिकची लॉन्स बघितली नसतील त्यांच्यासाठी: गंगापूर रोड घ्या नाहीतर संभाजीनगर रोड, रचना साधारण सारखी. पुढे हिरवळ, मधे कारंजं, मागे जेवणाचा हॉल, आणि लग्न लागतं तो 'डोम', म्हणजे लोखंडी सांगाडा आणि वर पत्रा. स्टेजच्या मागे एलईडी वॉल, तिच्या मागे जनरेटरच्या केबलींचा गुंता, आणि फोटोग्राफरचं टेबल त्या गुंत्याच्या शेजारी.

अपडेटनंतरच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरला आम्ही दुपारीच पोचलो. गेटपाशी ५जी, डाउनलोड तीन आकडी, अपलोड दोन आकडी. फोटोग्राफर खुशीत. टेबल लावलं, फोन लॅपटॉपला जोडला, ४जी. डोमच्या बाहेर चार पावलं गेलं की ५जी, आत आलं की ४जी.

३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी पत्र्यातून जात नाहीत आणि जाड भिंतीतूनही मार खातात. त्यासाठीच ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ बँड असतो, तो घरात-हॉलात खोल शिरतो. नव्या फोनांत तो असतो. या फोनमध्ये नव्हता, आणि कुठल्याही अपडेटने तो येणार नव्हता, कारण त्याची चिप, फिल्टर, अँटेना हे सगळं कारखान्यात ठरतं. सॉफ्टवेअरचं कुलूप उघडल्यावर हार्डवेअरची भिंत लागली ती अशी.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी लक्षात आली. टेबलाची जागा बदलत असताना एका कोपऱ्यात ५जी दिसायला लागलं, पण वेग ४जीचाच. सिग्नल कमकुवत असला की हे होतं, आणि एनएसएच्या नेटवर्कवर तर त्याहून पुढे: ज्या ४जी टॉवरला फोन धरून आहे त्याला ५जीची जोड 'मिळू शकते' एवढ्यावरून सुद्धा फोन वर ५जीची अक्षरं दाखवतो, प्रत्यक्ष डेटा ४जीवरून जात असला तरी. तेव्हापासून आम्ही अक्षरं बघायचं सोडलं आणि अपलोडचा आकडा बघायला लागलो. स्पीड टेस्टमधला डाउनलोडचा मोठा आकडा लोक एकमेकांना स्टेटसवर दाखवतात, पण या बँडवर एकच लहरपट्टी आळीपाळीने येण्यासाठी आणि जाण्यासाठी वापरली जाते आणि त्यातला मोठा वाटा येण्याकडे दिलेला असतो. लाइव्हवाल्याच्या वाट्याला उरलेला लहान तुकडा येतो.

तोडगा साधा निघाला. सॉफ्टबॉक्सचा एक रिकामा लाइट स्टँड डोमच्या कडेला, पत्रा संपतो तिथे उभा केला, त्यावर मोबाइल होल्डर, तिथून तीन मीटरची यूएसबी केबल टेबलापर्यंत. टेबल स्टेजपासून थोडं लांब गेलं आणि एचडीएमआयची लांब केबल घ्यावी लागली. वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षा केबलवर नेट घेतलं की फोन कमी तापतो, हा वरचा फायदा.

तापणं हे वेगळंच दुखणं होतं. मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला चाळिशीच्या उन्हात हा फोन तासाभरात इतका गरम व्हायचा की स्वतःला वाचवायला आपणहून ४जीवर उतरायचा. कव्हर काढणं, सावलीला ठेवणं, आधीच पूर्ण चार्ज करून आणणं आणि लॅपटॉपवरून चार्जिंग बंद ठेवणं, एवढं केलं की निभायचं. आणि दुसरं सिम काढणं. ही अक्कल आली ती एका लग्नात वरमाला चालू असताना. केटररने फोटोग्राफरच्या दुसऱ्या नंबरवर फोन केला, "किती ताटं लावू?" विचारायला. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू असताना दुसऱ्याचा डेटा थांबतो. ओबीएसच्या खालच्या कोपऱ्यातला, जोडणीची तब्येत दाखवणारा हिरवा चौकोन पिवळा, मग लाल. तेव्हापासून कॉलसाठी जुना फोन खिशात आणि लाइव्हचा फोन एका सिमवर.

त्या एका सीझनची चैन

इतकं सगळं करून हाती काय लागलं, तर २०२३ चा उन्हाळा.

फाल्गुनातलं एक लग्न, गोरज मुहूर्त. डोममध्ये आठशे-हजार माणसं. मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याला काय होतं ते लाइव्ह करणाऱ्यालाच माहीत: 'शुभ मंगल सावधान' झालं की एका हाताने अक्षता टाकायच्या आणि दुसऱ्या हातातला व्हिडिओ त्याच क्षणी फॅमिली ग्रुपवर पाठवायचा. हजारातल्या तीनशेंनी जरी हे एकदम केलं तरी जवळच्या ४जी टॉवरचं अपलोड आटतं. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, लाइव्हवाल्याला काही राखीव नसते. त्याआधीच्या प्रत्येक सीझनला आम्ही या दोन मिनिटांसाठी चित्र आधीच ७२०पीवर आणि कधी त्याच्याही खाली उतरवून ठेवायचो.

त्या संध्याकाळी आम्ही उतरवलं नाही. आठशे फोन ४जीवर एकमेकांना ढकलत होते आणि ५जीच्या पट्ट्यात आमच्याखेरीज फार तर पाच-पंचवीस जण असतील. हिरवा चौकोन हिरवाच राहिला. ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे वाटेत गळालेल्या चित्रांचा, आकडा शून्यावर होता, तो वरात निघेपर्यंत शून्यावरच. शेजारी दुसऱ्या पार्टीने आणलेला ड्रोनवाला आपल्या ४जी डोंगलवरून क्लिप पाठवायचा प्रयत्न करत होता, त्याने मान वाकवून आमचा स्क्रीन बघितला आणि विचारलं, "वायर कुठून घेतली?" वायर नव्हती.

पैशांचंही गणित बदललं. ५ एमबीपीएसने तीन तास म्हणजे पावणेसात जीबीच्या आसपास डेटा. दिवसाला २ जीबीच्या प्लॅनवर तो तासाभराच्या आत संपायचा, मग वर डेटा पॅक मारत बसायचं. ५जीवर असताना मोजणीच नाही, ही सुरुवातीची सवलत या कामासाठी जणू घरबसल्या आली. फक्त फोन डोमखाली जाऊन ४जीवर उतरला की कोटा गपचूप जळायला लागायचा, म्हणून त्या लाइट स्टँडला एक पोरगा राखणीला बसवलेला असे. त्याला दुसरं काम नाही. पाहुण्यांची मुलं होल्डरला हात लावायला यायची, त्यांना हाकलायचं.

त्या सीझनला लाइव्हच्या ऑर्डरी दुसऱ्या फोटोग्राफरांकडूनही यायला लागल्या. त्यांचा अल्बम, त्यांचा व्हिडिओ, लाइव्ह आमचं. कारण एवढंच की आमचं तुटत नाही अशी बातमी पसरली होती. माझं मत असं की याचं श्रेय ५जीच्या तंत्राला जितकं जातं त्यापेक्षा जास्त त्या तंत्रावर तेव्हा कुणी नव्हतं याला जातं. जाहिरातीत वेग सांगितला जात होता. आमच्या कामी आला तो मोकळेपणा. आणि मोकळेपणा टिकणार नव्हता, हे त्याच वेळी दिसत होतं. प्रत्येक लग्नात '५जी' दिसणारे फोन वाढत होते.

नंतर

पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर सीझन उघडला तेव्हा फरक कळला. लाइट स्टँड तिथेच, फोन तोच, पण अक्षता पडल्या की अपलोड डगमगायला लागलं. ४जीइतकं आटायचं नाही, तरी १०८०पी सोडून द्यावं लागेल इतपत. शिवाय आता पाहुण्यांचे फोन सात-आठ बँडचे. त्यांना पत्र्याखाली ७०० मेगाहर्ट्झ मिळायचं, आम्हाला नाही. जुलै २०२४ मध्ये दर वाढले आणि अमर्याद ५जी दिवसाला २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं उरलं. फोनला त्याआधीच अपडेट यायची बंद झाली होती, बॅटरी एकदा बदलून झाली होती.

फोटोग्राफर स्वतः या फोनबद्दल बोलताना अजून तडकतो. त्याच्या हिशेबाने २०२० मध्ये साधा ४जी फोन घेतला असता आणि २०२३ मध्ये स्वस्त ५जी, तर दोन्ही मिळून तेवढेच पैसे गेले असते आणि वर एन२८ मिळाला असता. आकडेमोड बरोबर आहे. पण २०२३ मध्ये नवा फोन घेतला असता का, हा प्रश्न मी त्याला विचारला तेव्हा तो गप्प बसला. लॉकडाऊनच्या कर्जातून नुकतं बाहेर पडलेलं, कॅमेऱ्याची बॉडी बदलायची राहिलेली. फोन त्या यादीत फार खाली होता. हातात होता म्हणून जुना चालवला, आणि चालवला म्हणून तो सीझन मिळाला. मी याला घाट्याचा सौदा म्हणत नाही. नफ्याचाही नाही, कारण दोन वर्षं त्याने ज्या गोष्टीचे पैसे दिले ती वापरताच आली नाही आणि त्याबद्दल कुणी त्याला साधं 'थांबा, येतंय' एवढंही सांगितलं नाही.

आता बऱ्याच लॉनवाल्यांनी ऑफिसात फायबर घेतलं आहे आणि मागितलं तर डोमपर्यंत लॅनची केबल ओढून देतात. जुना फोन यूएसबीला बॅकअप म्हणून लावलेला असतो, फायबर गेलं तर. पार्टीला द्यायच्या कोटेशनमध्ये लाइव्हच्या रकमेखाली फोटोग्राफरने एक ओळ वाढवली आहे: 'लॉनची वायर्ड लाइन असल्यास १०८०पी, नसल्यास ७२०पी, मुहूर्ताच्या वेळी कृपया पाहुण्यांनी व्हिडिओ नंतर पाठवावेत.' शेवटचं वाक्य अजून एकाही पार्टीने पाळलेलं नाही.